माहूल खाडीखालची तेलवाहिनी : पर्यावरण कक्षाच्या नोंदी

९ ऑक्टोबर २०२४

आजपासून फाइल माझ्याकडे. मुंबईत माहूलहून वडाळ्याकडे जाणारी बारा इंची जुनी तेलवाहिनी बदलायची आहे. तिच्यातून डिझेल आणि पेट्रोल आळीपाळीने जातं. जुनी वाहिनी खाडीच्या गाळात उथळ पुरलेली. नवी खाडीच्या तळाखालून, एचडीडीने, म्हणजे आडवं ड्रिलिंग करून न्यायची. मी कंपनीची नाही, ठेकेदाराचीही नाही. सल्लागार संस्थेकडून पर्यावरण बघायला नेमलेली, त्यामुळे दोन्हीकडून बोलणी खायची सोय आहे.

दिवसभर दोन कागद शेजारी ठेवून वाचले. एक सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या मंजुरीचं पत्र, दुसरी ठेकेदाराची बीओक्यू, म्हणजे कामाच्या आयटमांची आणि दरांची यादी.

आधी कायद्याचं. २००६ च्या ईआयए, म्हणजे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेत तेल-वायू वाहिन्या ६(ए) या गटात येतात, पण राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, प्रवाळ किंवा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रातून जात असतील तरच. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य (२०१५ चं, १६९० हेक्टर) वाशी पुलाच्या वर, ऐरोलीकडे. आपली वाहिनी बरीच खाली. म्हणून त्या अधिसूचनेखालची मंजुरी नाही, जनसुनावणी नाही. बैठकीत हे ऐकून एकदोघांचे चेहरे खुलले. पण खाडी सीआरझेडमध्येच आहे: तिवरं १-अ, भरती-ओहोटीच्या मधला चिखल १-ब, खाडीचं पाणी ४-ब. त्यामुळे २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे राज्याच्या सागरी किनारा क्षेत्र प्राधिकरणाची शिफारस आणि वर केंद्रीय मंत्रालयाची मंजुरी. ती मिळाली आहे, अटींसह.

अटी चांगल्या आहेत. ड्रिलिंगचा चिखल खाडीत जाऊ नये, तिवरांना हात लागू नये, रात्रीचा आवाज मर्यादेत राहावा, मच्छीमारांचं नुकसान भरून द्यावं, चाचणीचं पाणी खाडीत सोडू नये. मग बीओक्यू उघडली. वेल्डिंगच्या जोडाला ओळ, कोटिंगच्या चौरस मीटरला ओळ, साइट ऑफिसच्या पंख्यालासुद्धा ओळ. या सगळ्या अटींसाठी मिळून एकच: ‘पर्यावरण व्यवस्थापन योजना राबवणे, एकरकमी.’ एकरकमी म्हणजे ठेकेदाराच्या हिशेबात शून्य.

तक्ता करायला घेतला. प्रत्येक अटीसमोर चार रकाने: कोणता आयटम, काय दर, कोणाची जबाबदारी, मोजायचं केव्हा. रकाना रिकामा राहिला तर ती अट साइटवर नाही असंच धरून चालायचं. आज बहुतेक रकाने रिकामेच आहेत.

२१ ऑक्टोबर

आखणीची बैठक. दोन्ही टोकांचे खड्डे कुठे घ्यायचे यावर सकाळ गेली. रिग, म्हणजे ड्रिलिंगचं यंत्र, माहूलच्या बाजूला; ड्रिल बाहेर येणार आणि पाइप आत जाणार वडाळ्याच्या बाजूला, मिठागराच्या जुन्या बांधाजवळ. नकाशात वडाळ्याचा खड्डा तिवरांच्या हद्दीपासून पन्नास मीटरांच्या बरोब्बर बाहेर काढलेला. कागदावर पट्टी ठेवली तर सगळं नियमात.

दुपारी कांदळवन कक्षाच्या (वनविभागाचं तिवरं सांभाळणारं खातं) लोकांबरोबर ती कडा चालत गेलो. नकाशा काढल्यानंतर तिवरं पुढे सरकली आहेत. पडीक मिठागरात भरतीचं पाणी शिरायला लागलं की पहिली येतात ती हीच. कमरेएवढी रोपं, मध्ये मध्ये मिरजोळी, बांधाला टेकून मारांडी. आजच्या शेवटच्या खोडापासून मोजलं तर खड्डा पन्नास मीटरांच्या पट्ट्याच्या चांगला आत येतो.

साइट इंजिनिअर म्हणाला, “मॅडम, अ‍ॅप्रूव्ह्ड नकाशा हा आहे.” बरोबर आहे. पण उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा निकाल अ‍ॅप्रूव्ह्ड नकाशा विचारत नाही. कांदळवन आणि त्याभोवतीची पन्नास मीटर जागा, तिथे काम करायचं तर सार्वजनिक हिताचं आहे हे न्यायालयाला पटवावं लागतं. एवढं सांगितलं आणि शांत बसले. प्लॅनिंगवाल्याने परवानगीसाठी धरायचे महिने फळ्यावर मांडले, आणि खड्डा मागे घेऊन शंभरेक मीटर जास्त ड्रिलिंग करणं लगेच स्वस्त वाटायला लागलं. एकूण लांबी आता अकराशे मीटरच्या आसपास. तिवरांची बाजू मला मांडावीच लागली नाही, बार चार्टने मांडली.

६ नोव्हेंबर

भाऊबीज झाली आणि माणसं परत आली. पंचमी, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या आसपास तळ ओहोटी. चिखलाचे आणि पाण्याचे नमुने घेतले. काम सुरू होण्याआधी खाडी कशी होती याची नोंद आत्ता झाली नाही तर पुन्हा कधीच होणार नाही.

दोन बोटं वरचा चिखल तपकिरी, खाली काळा, सडक्या अंड्याचा वास. निवट्या आमच्याआधी चार उड्या पुढे. नाल्याच्या मुखाशी चिखलावर इंद्रधनुषी तवंग होता. बरोबरचा ट्रेनी लगेच फोटो काढायला लागला: “तेल!” त्याला काडी दिली आणि तवंगात फिरवायला सांगितली. पहिल्या ठिकाणी तवंगाचे काचेसारखे तुकडे झाले आणि तसेच वेगळे राहिले. ते जिवाणूंचं काम, लोहाचा थर, तेलाशी संबंध नाही. वीस पावलं पुढे तेच केलं, तर काडीमागे तवंग वळत वळत पुन्हा एक झाला. ते तेल. दोन्ही ठिकाणांची वेगवेगळी नोंद केली.

कंपनीच्या प्रतिनिधीचं म्हणणं, नाल्याच्या मुखाशी नमुना कशाला, तिथे आधीच घाण आहे. नेमकं म्हणूनच. जुनं तेल आज कागदावर आलं नाही तर उद्या सगळं आपल्या नावावर लागेल. किंवा उलटं, आपलं सांडलेलं जुन्याच्या नावाखाली खपवायचा मोह कोणाला तरी होईल. प्रयोगशाळेला नुसता एकूण हायड्रोकार्बनचा आकडा नको, क्रोमॅटोग्राम द्या असं कळवलं. त्यावरून कोणत्या प्रकारचं तेल ते ओळखता येतं. नमुन्याचा खर्च वाढला. तक्त्यात पहिली खरी ओळ पडली.

बोटवाल्याने जाता जाता २०१० ची आठवण काढली. त्या वर्षी ऑगस्टात मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं आपटली, आणि तेल खाड्यांतल्या तिवरांपर्यंत आलं. खोडांवर भरतीच्या उंचीला काळी रेघ बसली होती म्हणाला. कुठवर होती ते त्याने वल्ह्याने दाखवलं.

२८ नोव्हेंबर

आचारसंहिता उठली आणि कोळीवाड्यातली बैठक एकदाची झाली. जनसुनावणी कायद्याने लागत नाही म्हणून ही बैठक ‘ऐच्छिक’. अशा बैठकीला कंपनीचे मोठे साहेब येत नाहीत, त्यामुळे बोलणं जरा मोकळं होतं.

मी प्रेझेंटेशन सुरू केलं. तिसऱ्या स्लाइडला पुढच्या खुर्चीवरचे काका म्हणाले, “ताई, ते राहू दे. खाडीत कधी यायचं नाही तेवढं सांग.” तारखा वाचायला घेतल्या तर पुन्हा थांबवलं. “तारीख नको, तिथी सांग.” तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ हाताशी येते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. उधाण (मोठी भरती) कधी आणि भांग (कमी चढउताराची भरती) कधी ते तिथीतच आलं. तिथल्या तिथे कालनिर्णय मागवलं आणि पुढच्या चार महिन्यांचं वेळापत्रक तिथीवार लिहून हॉलच्या भिंतीला लावलं. खाली माझा आणि साइट इंजिनिअरचा फोन नंबर, मोठ्या अक्षरात.

मग पैशाचा विषय. १९६२ चा पाइपलाइन कायदा जमिनीचा वापर हक्क घेतो तेव्हा मालकाला बाजारभावाच्या दहा टक्के देतो, शिवाय झालेलं नुकसान वेगळं. पण त्यासाठी मालक लागतो. खाडीला सातबारा नाही. एक बाई विचारत होत्या, त्या रोज ओहोटीला चिंबोऱ्या आणि कालवं काढतात, त्यांचा सर्व्हे नंबर कोणता? हॉल हसला, त्या हसल्या नाहीत.

ऑफिसला येऊन नोट लिहिली: मच्छीमारांच्या नुकसानीसाठी प्रोव्हिजनल सम, म्हणजे अंदाजाने राखून ठेवलेली रक्कम, खर्च होईल तसा बिलात. रोजचा दर त्यांच्याच सोसायटीने ठरवावा, पावती सोसायटीची. कंपनीच्या वित्त विभागाने तीन प्रश्न काढून परत पाठवली. उत्तरं दिली.

१७ डिसेंबर

वेळापत्रक बसवणं. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत शिवडी-माहूलच्या चिखलावर. पावसाळा जून ते सप्टेंबर, तेव्हा खड्डा पाण्याने भरेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा आणि रिगपासून जवळच वसाहत. सगळ्यांना मोकळा असा महिना बारा महिन्यांत नाही. तेव्हा प्रश्न महिन्याचा नाहीच, तासांचा आहे.

पक्षी ओहोटीला उघड्या चिखलावर चरतात, भरतीला उठून दुसरीकडे जातात. म्हणून वडाळ्याच्या टोकाचं दणक्याचं काम (शीट पाइल, म्हणजे खड्ड्याच्या आधाराचे पोलादी पत्रे ठोकणं, पाइप उतरवणं) भरतीच्या वेळी. माहूलच्या रिगला तसं बंधन नको, मध्ये अंतर आहे.

अडचण एकच पण मोठी. पाइप भोकात ओढायला लागलं की मध्ये थांबता येत नाही. थांबलं तर भोक बसतं, पाइप अडकतो. आणि अट म्हणते रात्री निवासी भागात ४५ डेसिबल. रिगचं इंजिन आणि मड पंप त्यात बसणं शक्य नाही. उपाय साधा आहे, ध्वनिरोधक पडदे आणि पंपाभोवती पेटी. बीओक्यूत ओळ नाही. ठेकेदार म्हणतो स्कोपमध्ये नाही; कंपनी म्हणते, एकरकमीत धरलेलं आहे. हे भांडण मार्चच्या रात्री दोन वाजता होण्यापेक्षा आत्ता झालेलं बरं, म्हणून मुद्दाम लावून दिलं. रेट अ‍ॅनालिसिस, म्हणजे दर कसा बसतो त्याचा हिशेब, मागवलं आहे.

१५ जानेवारी २०२५

रिग आली. डिझेलच्या टाकीभोवती बांध नव्हता, तो घालून घेतला. ड्रिलिंगच्या चिखलासाठीच्या बेंटोनाइट मातीत मिसळायच्या पॉलिमरचं सुरक्षा पत्रक गोदामात नव्हतं, ते येईपर्यंत पोती उघडायची नाहीत असं लिहून दिलं. स्टोअरकीपरने तिळगूळ दिला आणि गोड बोला म्हणाला.

६ फेब्रुवारी

पायलट होल सुरू. आधी बारीक भोक, मग रीमर फिरवून पाइपाच्या दीडपट व्यासाचं, मग पाइप ओढायचा. ड्रिलच्या टोकाला बेंटोनाइटचा चिखल दाबाने सोडतात; तो कटिंग, म्हणजे कापलेली माती-दगड, घेऊन मागे खड्ड्यात येतो, गाळून पुन्हा वापरतात. मधला खडक बेसाल्ट, पण दोन्ही टोकांना आधी मुरूम आणि त्यावर सागरी चिकणमाती. आपलं दुखणं खडकात नाही, टोकांना आहे. वर मातीचा थर पातळ, आणि आतला दाब त्याला पेलला नाही तर चिखल फट काढून वर येतो. त्याला फ्रॅक-आउट म्हणतात.

पायलटच्या वेळी टोकाशी दाबाचा सेन्सर असतो, त्यामुळे आधीच चाहूल लागते. रीमिंगला सेन्सर नसतो; किती चिखल गेला आणि किती परत आला एवढाच हिशेब. तो दर तासाला लिहायचा. रजिस्टर ठेवलं, सुपरवायझरची सही दर तासाला. त्याला ते पटलेलं नाही. सही मात्र करतो.

१ मार्च

सकाळी पावणेसातला काकांचा फोन. “ताई, तिवरात गाळ उकळतोय. राखाडी.” चिंबोऱ्या काढायला गेलेल्या मुलाने बघितलं होतं. द्वितीया, साडेसातला तळ ओहोटी. दोन तास मागेपुढे झाले असते तर पाण्याखाली कोणाला दिसलंच नसतं.

पंप फोनवरच बंद करायला लावला. रजिस्टर बघितलं: पहाटे पाचपासून परत येणारा चिखल कमी होत गेलेला, आकडे नीट लिहिलेले, सहीसुद्धा आहे. आकडे लिहिणं आणि आकडे वाचणं ही दोन कामं वेगवेगळ्या माणसांची आहेत असा साइटवर समज असतो.

जागेवर पोचलो तेव्हा वडाळ्याच्या बाजूला, तिवरांच्या कडेच्या आत, एका खोलीएवढा पट्टा राखाडी झालेला. मधोमध एक भोक, त्यातून अजून थोडं थोडं येत होतं. सुपरवायझर म्हणाला, “मातीच आहे मॅडम. विष थोडंच आहे.” खरं आहे, बेंटोनाइट ही मातीच. पण वाकून बघितलं तर तिवराची श्वसनमुळं, चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी, टोकापर्यंत लिंपली होती. या मुळांच्या सालीवर बारीक छिद्रं असतात, झाड त्यातून हवा घेतं. बोटाने एक पुसलं, खालची तपकिरी साल दिसली. शेजारी एक चिंबोरी बिळाच्या तोंडाशी अडकलेली, बीळ बुजलेलं.

पोकलेन आणू का, असं विचारणं झालं. नाही. पोकलेनच्या पट्ट्यांखाली जेवढी मुळं जातील तेवढी या चिखलाने जाणार नाहीत. वाळूच्या गोण्यांनी भोकाभोवती कडं केलं, चिखलावर फळ्या टाकल्या आणि माणसांनी डब्यांनी उपसलं. कडेच्या बाहेर व्हॅक्यूम टँकर उभा, त्यात भरलं. मुळं हातपंपाच्या हलक्या धारेने खाडीच्याच पाण्याने धुतली. कडेला पातळ थर राहिला तो तसाच ठेवायचं ठरवलं. खरवडायला गेलो तर खालचा चिखल आणि त्यातले जीव दोन्ही निघाले असते. भरती येईपर्यंत काम चाललं.

दुपारी कांदळवन कक्षाला, प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि किनारा क्षेत्र प्राधिकरणाला कळवलं. फोटो, वेळ, अंदाजे प्रमाण. कंपनीतून विचारणा आली की ‘किरकोळ घटना’ असा शब्द घालता येईल का. मोजमाप घातलं आहे, विशेषण घातलेलं नाही.

४ मार्च

गोण्या, फळ्या, टँकर, मजूर: सगळं एक्स्ट्रा आयटम म्हणून मंजूर. आता हे साहित्य कायम वडाळ्याच्या टोकाला ठेवायचं, दर ठरलेला. चिंबोऱ्यांच्या नुकसानीची पहिली पावती सोसायटीने दिली, प्रोव्हिजनल सममधून पैसे गेले. वित्त विभागाने आता काही विचारलं नाही.

बाधित पट्ट्यात आणि शेजारच्या न बाधलेल्या पट्ट्यात एकेक मीटरचे चौकोन आखून श्वसनमुळं मोजली. तुलनेसाठी दोन्ही लागतात. चिखल घट्ट केला, दाब कमी ठेवला, रीमिंग पुन्हा सुरू. हिशेब आता दर अर्ध्या तासाला, आणि किती टक्के कमी झालं की पंप बंद करायचा ते लाल शाईने रजिस्टरच्या मुखपृष्ठावर.

१३ मार्च

होळी. कोळीवाड्यात आज आणि उद्या काम नको हे नोव्हेंबरमध्येच भिंतीवर लिहिलेलं होतं. इकडे वडाळ्याच्या बाजूला वेल्ड केलेल्या पाइपाची ओढण्याआधीची पाणीचाचणी झाली. बारा इंची पाइपात मीटरला सुमारे ७३ लिटर पाणी मावतं, म्हणजे अकराशे मीटरला ८०,००० लिटर, दहा हजारी आठ टँकर. पद्धत अशी की गंजरोधक आणि जंतुनाशक घालायचं, आणि मग ते पाणी कुठे सोडायचं म्हणून डोकं धरायचं. स्वच्छ पाणी घेतलं आणि ते थोडेच दिवस आत राहणार असेल तर रसायनाची गरज नाही. म्हणून काहीही न घालता चाचणी घेतली. तेच पाणी टाकीत ठेवून ओढल्यानंतरच्या २४ तासांच्या चाचणीला पुन्हा वापरायचं, मग प्रक्रिया संयंत्रात. खाडीत थेंब नाही. हा एकच विषय असा की पर्यावरणामुळे खर्च कमी झाला. त्याचं पत्र मी जरा ठळक अक्षरात पाठवलं.

२३ मार्च

काल ओढणी. दहावीची परीक्षा १७ तारखेला संपली, काल अष्टमी, भांगाचं पाणी, खड्ड्याला धोका कमी. पाइप रोलरवरून सरकत, आत पाणी भरून जड केलेला, खड्ड्यात उतरत गेला. रात्री पडदे आणि पेटी लावून वसाहतीच्या पहिल्या इमारतीच्या खिडकीशी आवाज मोजला. सरळ सांगायचं तर रिग बंद असतानाही तिथे रात्री ४५ नसतं. टँकरची रांगच त्याच्या वर नेते. म्हणून अहवालात आधीचा आवाज आणि वाढलेला आवाज असे दोन आकडे दिले. वाढ थोडी होती. पडद्यांशिवाय काय झालं असतं तेही पाच मिनिटं पेटी उघडून मोजलं. पुढच्या कामाच्या बीओक्यूला पुरावा म्हणून लागेल.

पहाटे पाइपाचं डोकं माहूलला बाहेर आलं. सगळे वेल्डरशी हात मिळवत होते, मी कोटिंग बघत होते. बाहेर आलेल्या तुकड्यावर लांब ओरखडे होते, पण स्टील कुठे उघडं नाही, होलिडे डिटेक्टर (कोटिंगमधली फट शोधणारं यंत्र) वाजला नाही. खडकातून येताना कोटिंग गेलं असतं तर पुढच्या वीस वर्षांच्या गंजाची आणि गळतीची सुरुवात तिथेच होती. पर्यावरणाचा सर्वांत मोठा आयटम हाच, फक्त तो कोटिंगच्या नावाखाली लिहिलेला असतो.

१६ एप्रिल

जुनी वाहिनी रिकामी केली. पिग, म्हणजे वाहिनीतून सरकणारं साफसफाईचं उपकरण, फिरवून आतला गाळ ढकलून काढला. हा तेलकट गाळ घातक कचरा. ड्रमवर लेबल, फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (वाहतुकीचा नोंद कागद), तळोज्याच्या केंद्रात रवाना. ड्रम मोजताना ट्रान्सपोर्टरचा आकडा आणि आमचा आकडा जुळेना, पुन्हा मोजायला लावले. रिकामे धरलेले दोन भरलेले निघाले.

जुना पाइप उपटून काढायचा का, यावर कोळीवाड्याचं मत होतं काढा. मला ते समजतं, जाळं अडकतं. पण तो उपटायचा तर खाडीचा तळ लांबच्या लांब खणावा लागेल, आणि नोव्हेंबरच्या नमुन्यांत त्या गाळात जुनं तेल दिसलेलं आहे. ते वर येईल. मधला मार्ग काढला: पाइप धुऊन सिमेंट ग्राउटने भरून जागेवर ठेवायचा, आणि जिथे तो चिखलाच्या वर उघडा पडला आहे तेवढा कापून न्यायचा. कुठे उघडा आहे ते काकांनी बोटीतून दाखवलं. आमच्या सर्वेक्षणात त्यातलं एक ठिकाण नव्हतं.

२६ मे

मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून. आमच्या वेळापत्रकात वापरलेल्या बेंटोनाइटचं तळं जूनच्या पहिल्या आठवड्यात रिकामं व्हायचं होतं. मान्सून आज आला, १९५० पासूनच्या नोंदींत सर्वांत लवकर. वरळीचं भुयारी मेट्रो स्टेशन भरलं, आमचं तळं काय चीज.

तळं आधीच का रिकामं झालं नाही, याची कथा एका ओळीची आहे. आयटममध्ये लिहिलेलं: ‘पाच किलोमीटरच्या आत विल्हेवाट.’ वडाळ्यापासून पाच किलोमीटरच्या आत असा चिखल घेणारी जागा नाही. लांबच्या वाहतुकीचा दर मंजूर व्हायला एप्रिल गेला, मेच्या विसाव्या तारखेपासून वळवाने रस्ता चिखलात गेला, टँकर रुतले. निम्मं तळं उरलं.

वरून पाऊस आणि अमावास्येच्या आदल्या दिवशीचं उधाण, दोन्ही दुपारच्या आत एकत्र. मार्चपासून ठेवलेल्या गोण्या कामाला आल्या. बांध दोन हात उंच केला. दुपारी वरचं निवळलेलं पाणी बांधावरून थोडं गेलं. खालचा चिखल गेला नाही. गढूळपणा मोजून दर तासाला लिहिला आणि सगळ्यांना कळवला. उरलेलं तळं पाऊस उघडला त्या दिवसांत उपसलं जाईल, लांबच्या दराने.

५ जून

जागतिक पर्यावरण दिन. मुख्य कार्यालयातून पत्र: नव्या वाहिनीच्या पट्ट्यावर वृक्षारोपण, साहेब येणार, फोटोग्राफर येणार, रोपं गुलमोहराची. उत्तर पाठवलं: १९६२ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे वापर हक्काच्या पट्ट्यात इमारत, विहीर, तळं बांधता येत नाही आणि झाडही लावता येत नाही, मुळं कोटिंगला लागतात. आपणच ज्या शेतकऱ्याला आंबा लावू देत नाही, त्याला हा फोटो दिसेल. तासाभरात फोन आला की मग कुठे लावायची? म्हटलं, तिवरांच्या कडेला गुलमोहर जगत नाही. साफसफाई करा, नाल्याच्या मुखाशी प्लास्टिक भरपूर आहे. साहेब हातमोजे घालून आले. बरंच निघालं.

११ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा झाली, होड्या उतरल्या. अंतिम बिलाचं काम. मेजरमेंट बुकात वेल्डच्या जोडांशेजारी आता माझ्या ओळी आहेत: ध्वनिरोधक पडदे, चौरस मीटर; गोण्या, नग; नमुने, संच; मच्छीमार नुकसानभरपाई, पावत्यांप्रमाणे. ऑक्टोबरचा तक्ता काढून लावून बघितला. सगळे रकाने भरलेले नाहीत. जुन्या पाइपाचा उघडा तुकडा एका ठिकाणी पावसामुळे राहिला, तो ऑक्टोबरच्या भांगांत निघेल. अनामत तेवढी रोखली आहे.

चौकोनांतली मुळं पुन्हा मोजली. बाधित पट्ट्यात नवी मुळं आली आहेत, शेजारच्यापेक्षा कमी. राखाडी थर कुठे दिसत नाही, पावसाळ्याच्या गाळाखाली असेल. चिंबोऱ्यांची बिळं दोन्हीकडे आहेत. एका पावसाळ्यावरून यातून काही सांगता येणार नाही. अजून दोन वर्षं मोजायला हवं, आणि ठेका संपला आहे.

म्हणून वाहिनी चालवणाऱ्या विभागाला नोट टाकली: वर्षातून दोनदा चौकोन मोजणी, वर्षातून एकदा खाडीच्या तळाची खोली, आपत्कालीन सरावात कोळीवाड्याची बोट, आणि भिंतीवरचा फोन नंबर बदलून त्यांच्या कंट्रोल रूमचा. वित्त विभागाने विचारलं आहे, हे कोणत्या हेडखाली टाकायचं. उत्तर लिहिलं: देखभाल, गळती शोध यंत्रणेच्या पुढची ओळ. मंजुरी अजून आलेली नाही. गुरुवारी पुन्हा विचारायचं.